म्युटेशनचा दर काढताय? या चुका टाळा

नाशिकच्या कॉलेजात शिकवताना मी दर वर्षी एकच गणित फळ्यावर मांडते. आई, वडील आणि मूल, तिघांचाही जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, अक्षर न् अक्षर वाचलाय. मुलात 60 नवी म्युटेशन्स, म्हणजे आई-वडिलांत नसलेले अक्षरांचे बदल, सापडली. तिघांतही नीट वाचता आलेल्या जागा 260 कोटी. दर किती?

बरेच जण 60 ला 260 कोटींनी भागून मोकळे होतात. उत्तर येतं, दहा कोटी अक्षरांमागे 2.3. पण मुलाकडे प्रत्येक जागेच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. भागायचं 520 कोटींनी, म्हणजे दर 1.15. ही चूक मला सगळ्यात घातक वाटते, कारण माणूस आणि चिंपांझीच्या तुलनेवरून 2000 साली काढलेला अंदाज 2.5 च्या आसपास होता. चुकलेलं उत्तर जुन्या आकड्याशी जुळतं आणि पोरं निर्धास्त होतात. (जीनोमच्या पूर्ण 300 कोटी अक्षरांनीही भागू नका, जिथे वाचताच आलं नाही, तिथे बदल सापडणार कसा?)

आता ‘नवं’ म्हणजे काय ते बघू. रामकुंडावरच्या गुरुजींच्या नामावळीत, म्हणजे घराण्यांच्या नोंदवहीत, नातवाच्या पानावर एखादं आडनाव दिसतं, आजोबांच्या पानावर नाही. ते नवं आलं, की आजोबांचं पानच फाटलंय? आधी पान बघावं लागतं. इथेही तसंच. आईच्या त्या जागी फक्त 8 रीड्स (यंत्राने वाचलेले डीएनएचे तुकडे) असतील, तर बदल तिच्या दोनपैकी एका प्रतीत असूनही आठही रीड्समध्ये दुसरंच अक्षर येण्याची शक्यता 256 मध्ये 1. किरकोळ वाटतं ना? पण अशा एक लाख जागा धरल्या तर जवळपास 400 निसटतात, आणि त्यातल्या निम्म्या मुलात ‘नव्या’ म्हणून उगवतात. खऱ्या 60 त्यात बुडून जातात. 30 रीड्स असतील तर हीच शक्यता शंभर कोटींत एक. म्हणून यादीतली प्रत्येक जागा आयजीव्हीत (रीड्स पडद्यावर दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून आई-वडिलांचे रीड्स स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

मुलाच्या 30 पैकी चार-पाचच रीड्समध्ये बदल दिसला, तर तो बहुधा गर्भधारणेनंतर मुलाच्याच काही पेशींत झालेला असतो. दिंडोरीकडच्या पोरांना हे चटकन कळतं: थॉमसन द्राक्षाच्या वेलीवर एखादीच फांदी वेगळी निघते, बाकी वेल तीच राहते.

आणि वडिलांचं वय लिहा. 2012 मध्ये आइसलँडमधल्या 78 त्रिकुटांच्या अभ्यासात वडिलांच्या वयाच्या प्रत्येक वर्षामागे सुमारे 2 म्युटेशन्स वाढलेली दिसली. वडील एका घरात 25 चे, दुसऱ्यात 35 चे असतील, तर वीसेक म्युटेशन्सचा फरक नुसत्या वयाचाच. तक्त्यात हा रकाना नसेल तर दोन घरांची तुलना करूच नका.