गाडी स्टार्ट होत नाही? नवी बॅटरी घेण्याआधी या चुका टाळा

सकाळी चावी फिरवली, 'कट्' असा आवाज आला आणि गाडी गप्प. बहुतेक जण इथेच 'बॅटरी गेली' म्हणून मोकळे होतात. पण टर्मिनल (बॅटरीच्या टोकावरची जोडणी) सैल असेल, अर्थची वायर (बॅटरीचं निगेटिव्ह टोक गाडीच्या धातूला जोडणारी) गंजली असेल किंवा अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी भरणारा जनरेटर) चार्ज करत नसेल, तरी लक्षणं थोडीफार अशीच दिसतात. त्यामुळे नव्या बॅटरीवर हजारो रुपये घालण्याआधी एक साधा डिजिटल मल्टिमीटर आणा.

आवाजाकडे दुर्लक्ष

भराभर कटकट होऊन दिवे मिणमिणत असतील तर सेल्फला, म्हणजे इंजिन फिरवणाऱ्या मोटरला, पुरेसा करंट मिळत नाही. दिवे प्रखर आणि एकच जाड 'टक्' असेल तर संशय सेल्फ मोटरवर किंवा तिच्या जोडणीवर घ्या. इंजिन नेहमीच्या जोमाने फिरतंय पण पेट घेत नसेल, तर बॅटरीच्या वाटेला जाऊच नका. टाकीत इंधन आहे का आणि डॅशबोर्डवर चावीचं चित्र लुकलुकतंय का (म्हणजे गाडीने चावी ओळखलेली नाही), ते बघा. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मोटर तापते.

एकाच आकड्यावर विश्वास

मीटर 20 व्होल्ट डीसीवर ठेवा. रात्रभर उभ्या गाडीत 12.6 व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, 12.4 म्हणजे साधारण पाऊण, 12 च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर आकडा फुगलेला येतो.

पण थकलेली बॅटरीही नुसती असताना 12.6 दाखवते आणि लोड आला की कोसळते. म्हणून दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा आणि मीटर बघत राहा. चार्ज केलेली बॅटरी तेव्हाही 9.6 च्या खाली जात असेल, तर ती बदलायला झाली.

आता बहुतेक जण वगळतात ती चाचणी करा. मीटरची एक पिन बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर टेकवा, दुसरी त्याच खुंटीवर बसवलेल्या क्लॅम्पवर, आणि पुन्हा सेल्फ मारा. फरक 0.2 व्होल्टच्या वर गेला तर दोष बॅटरीचा नाही, त्या सांध्याचा आहे. हेच दुसऱ्या टर्मिनलवर करा. मग निगेटिव्ह खुंटी आणि इंजिनचा उघडा धातू यांमध्ये मोजा. तिथे अर्धा व्होल्ट ओलांडला तर अर्थची पट्टी काढून घासा. कोकणातल्या खाऱ्या हवेत ही पट्टी आतून खाल्ली जाते आणि वरून धडधाकट दिसते.

टर्मिनल साफ करताना उलटा क्रम

आधी निगेटिव्ह काढायचं, बसवताना ते शेवटी. पॉझिटिव्ह आधी सोडवायला गेलात आणि पाना बॉडीला लागला, तर थेट शॉर्ट होतो. एक कप कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून जुन्या ब्रशने पांढरी-हिरवी बुरशी काढा. हातमोजे आणि चष्मा हवाच. झाकणांतून सोड्याचं पाणी आत जाऊ देऊ नका, आतलं अॅसिड मारलं जातं. कोरडं करून काचपेपर फिरवा, क्लॅम्प हाताने हलणार नाही इतका आवळा आणि मगच बाहेरून पेट्रोलियम जेली लावा.

चालू गाडीत टर्मिनल काढून बघणे

अल्टरनेटर तपासण्याची ही रीत कार्ब्युरेटरच्या गाड्यांत खपून गेली. आजच्या गाडीत व्होल्टेज एकदम उसळून ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) जळू शकतो, आणि तो खर्च बॅटरीच्या कितीतरी पट. इंजिन चालू करून बॅटरीवर मीटर लावा, 13.8 ते 14.5 दिसायला हवं. काही नव्या गाड्यांत कॉम्प्युटर मुद्दाम व्होल्टेज उतरवतो, तेव्हा हेडलाइट आणि एसी लावून मोजा. तरीही 13 च्या खालीच असेल तर आधी बेल्ट बघा, मग अल्टरनेटर.

जंप स्टार्टची शेवटची क्लिप

दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून बंद गाडी सुरू करताना लाल वायर पॉझिटिव्हपासून पॉझिटिव्हपर्यंत, काळी चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला. काळीचं दुसरं टोक मात्र बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर. शेवटच्या जोडणीला ठिणगी पडते आणि बॅटरीतून हायड्रोजन सुटत असतो. बॅटरी फुगली किंवा तडकली असेल तर जंप देऊच नका.

रविवारची पाच मिनिटं

उभी गाडी आठवड्यातून एकदा पाच मिनिटं जागेवर चालू ठेवली, तर सेल्फने खाल्लेलंही धड भरून निघत नाही, कारण आयडलला (गाडी उभी, इंजिन संथ चालू) अल्टरनेटर कमीच देतो. अर्धा-पाऊण तास गाडी रस्त्यावर फिरवून आणा. महिनाभर बाहेरगावी जाणार असाल तर निगेटिव्ह टर्मिनल सोडून ठेवा, मात्र त्याआधी म्युझिक सिस्टिमचा कोड हाताशी आहे ना, ते बघा; बॅटरी सुटल्यावर काही सिस्टिम तो मागतात.