सॉफ्टनरचा कप्पा तुंबलाय? मेकॅनिकला बोलवायच्या आधी हे करून बघा

चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या आधी आमच्याकडे पडदे, चादरी, पाहुण्यांच्या गोधड्या सगळं एकदम धुवायला निघतं आणि नेमकं तेव्हाच सासूबाई म्हणाल्या, अगो, एवढं ते निळं औषध ओततेस तरी चादरींना कुबट वास कसा? वॉशिंग मशीनचा ड्रॉवर ओढला तर सकाळी घातलेला सॉफ्टनर, म्हणजे कपडे मऊ करायचं ते निळं औषध, तिथेच, वर पाणी साचून कप्पा काठोकाठ. मेकॅनिक म्हणाला चवथ झाल्यावर येतो. म्हटलं राहू दे बाबा, आपणच बघू. अर्ध्या तासाचं काम निघालं.

आधी एक समजून घ्या, म्हणजे काय साफ करायचं ते कळेल. फ्रंट लोडच्या (समोर दार असलेल्या मशीनच्या) ड्रॉवरमध्ये फुलाचं चित्र असलेला कप्पा सॉफ्टनरचा. त्याच्या तळाला भोक नसतं, बोटभर उंचीची एक नळी उभी असते आणि तिच्यावर टोपी. शेवटच्या खळबळण्याच्या वेळी मशीन वरून पाणी सोडतं, पाणी नळीच्या वर चढलं की सगळं एका दमात खाली ओढलं जातं, गाडीच्या टाकीतून पाइपने पेट्रोल काढतात ना, तसंच. म्हणून मॅक्सच्या रेघेच्या वर ओतलं तर सॉफ्टनर लगेच, धुण्याच्या आधीच खाली निघून जातो. आणि नळी किंवा टोपी बुजली तर काहीच जात नाही. धुऊन झाल्यावर तळाला थोडंसं पाणी उरणं नॉर्मल आहे, त्याला घाबरू नका.

आता काम. प्लग काढा, नळ बंद करा. ड्रॉवर अडेपर्यंत बाहेर ओढा, सॉफ्टनरच्या कप्प्यात पुश लिहिलेली पट्टी दिसेल ती दाबून धरा आणि ओढा, अख्खा हातात येतो (काही मशीनचा थोडा वर उचलून काढावा लागतो, जोर लावू नका, प्लास्टिक आहे). मग टोपी बोटांनी सरळ वर खेचा. माझी निघता निघेना, गरम पाण्यात ठेवल्यावर सुटली, आणि खाली बघते तर निळा खरवस! खरंच, वडी पाडता आली असती, वर काळ्या बुरशीचे ठिपके.

हे होतं कशाने, तर सॉफ्टनर घट्ट असतो, आपण तो तसाच ओततो, वर पावसाळ्यात इथली दमट हवा, ड्रॉवर बंद, मग सुकतही नाही आणि वाहतही नाही. आणखी एक, साबण आणि सॉफ्टनर एकत्र आले की दोघांचा चिकट साका होतो, त्यामुळे साबणाची पावडर त्या कप्प्यात सांडू देऊ नका.

ड्रॉवर आणि टोपी कोमट पाण्यात अर्धा तास बुडवा, उकळतं नको, प्लास्टिक वाकडं होतं. पाण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर घाला. घरातलं माडाचं व्हिनेगर वापरू नका हं, ते विंदालूसाठी राहू द्या. आणि व्हिनेगरबरोबर ब्लीच चुकूनसुद्धा नको, विषारी गॅस होतो. मग जुन्या टूथब्रशने घासा, नळीच्या आत कान साफ करायची काडी फिरवा, टोपीच्या आतली बाजू विसरू नका, खरी घाण तिथेच असते.

ड्रॉवर भिजतोय तोवर मोबाईलचा टॉर्च लावून त्याच्या रिकाम्या खोबणीत वर बघा. वरच्या छताला बारीक भोकं असतात, पाणी तिथूनच पडतं. तिथेही काळं धरलेलं असतं, ब्रशने घासून फडक्याने पुसून घ्या.

सगळं परत बसवायच्या आधी टेस्ट करा. टोपी टक्‌ आवाज होईपर्यंत दाबा, ड्रॉवर बेसिनवर सरळ धरा आणि त्या कप्प्यात हळूहळू पाणी ओता. नळीच्या वर गेलं की खालून भसकन सगळं निघून गेलं पाहिजे. थेंब थेंब गळलं किंवा थांबलंच तर एकतर टोपी नीट बसली नाही, नाहीतर नळीत अजून काहीतरी आहे.

टेस्ट पास झाली तरी मशीनमध्ये बसवल्यावर कप्प्यात पाणी साचतंय? मग पाण्याचं प्रेशर बघा. मशीनच्या मागे पाइप जोडतो तिथे एक बारीक जाळी असते. नळ बंद करून पाइप हाताने सोडवा आणि जाळी पकडीने हळूच ओढा. आमच्याकडे बांयचं (विहिरीचं) पाणी, आमच्या जाळीत लाल मातीचा थर बसला होता. जाळी धुऊन परत लावा, ती काढून टाकायची आयडिया कोणी दिली तर ऐकू नका.

आता मी सॉफ्टनर कपात निम्म्याला निम्मं पाणी घालून पातळ करते आणि मगच ओतते. धुऊन झालं की ड्रॉवर दोन बोटं उघडा, दारही किलकिलं. आणि टॉवेलांना सॉफ्टनर घालूच नका, मऊ लागतात पण पाणी टिपत नाहीत, सासूबाईंची पुढची तक्रार तीच होती.