विंडोज ७ वर बीटा बिलिंग: लॉगिन अडलं ते कुठे

काकांच्या निपाणीतल्या दुकानात अजून विंडोज ७ आहे. मायक्रोसॉफ्टने तिचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० लाच थांबवला, पण जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर त्याच मशीनवर चालतो, त्यामुळे काका तिला हात लावू देत नाहीत. नव्या बिलिंग सॉफ्टवेअरच्या बीटाला, म्हणजे चाचणीसाठी दिलेल्या आवृत्तीला, विंडोज १० लागतं असं स्पष्ट लिहिलं होतं. तरी करून पाहिलं.

आधी हार्डडिस्कची पूर्ण इमेज, म्हणजे जशीच्या तशी प्रत, बाहेर काढून ठेवली. बीटाच्या हाती खरं खातं देणं म्हणजे अनोळखी माणसाला गल्ल्यावर बसवणं. इन्स्टॉल विनातक्रार झालं, लॉगिन मात्र 'सर्व्हरशी संपर्क नाही' इथंच अडायचं. नेट ठीक, फायरवॉलही ठीक. घोळ निघाला टीएलएस १.२ चा, म्हणजे सर्व्हरशी सुरक्षित बोलण्याच्या पद्धतीचा. विंडोज ७ मध्ये ते असतं, पण विनएचटीटीपी (प्रोग्रॅम्सना नेटवर जोडणारा विंडोजचा भाग) ते आपणहून वापरत नाही. केबी ३१४०२४५ हा अपडेट टाकला. मग रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या नोंदवहीत, इंटरनेट सेटिंग्जच्या विनएचटीटीपी कीमध्ये 'डीफॉल्ट सिक्युअर प्रोटोकॉल्स' नावाचं डीवर्ड (आकड्याची नोंद) बनवून दशमान २०४८ भरलं. सिस्टिम ६४ बिटची असेल तर वॉव६४३२नोड या ३२ बिट प्रोग्रॅम्ससाठीच्या भागाखालीही तेच करायचं, हे बरेच जण विसरतात. रीस्टार्ट केल्यावर लॉगिन झालं.

आमच्याकडची खरी परीक्षा पुढं: चिकोडीच्या, म्हणजे आमच्याच कर्नाटकातल्या गिऱ्हाइकाला सीजीएसटी-एसजीएसटी, महाराष्ट्रातल्या कागलच्या गिऱ्हाइकाला आयजीएसटी. २९ (कर्नाटक) आणि २७ (महाराष्ट्र) हे राज्य कोड सॉफ्टवेअरने बरोबर ओळखले. पीडीएफ काढताना अजून बंद पडतं. कंपनीला कळवलंय, सिस्टिमचं नाव न लपवता.