तळ्याकाठच्या जंगलात एमटीबी (माउंटन बाइक) चालवताय? या चुका टाळा

नकाशावर तळ्याभोवतीची ट्रेल फार गरीब दिसते. निळा पट्टा, भोवती हिरवं जंगल आणि काठाकाठाने गेलेली एक बारीक रेघ. बावीस किलोमीटर म्हणजे दोन तासांचं काम, असं म्हणत लोक निघतात. अंधार पडला तरी त्यातले काही परतलेले नसतात. दम कमी पडला असं क्वचितच असतं. सुक्या, उघड्या डोंगरावर लागलेल्या सवयी ते या ओल्या, सावलीच्या मुलखात तशाच घेऊन येतात आणि घोळ तिथेच सुरू होतो.

किलोमीटर मोजून बेत आखणं

तळ्याचा काठ म्हणजे सपाट रस्ता, हा पहिला गैरसमज. युरोप-उत्तर अमेरिकेतल्या अशा जंगलांतली बरीच तळी हिमनद्यांनी खरवडून काढलेल्या दऱ्यांत साचलेली असतात, त्यामुळे काठ उभे असतात. ट्रेल एका सोंडेवर चढते, पलीकडच्या ओढ्यात उतरते, पुन्हा चढते. चाळीस-पन्नास मीटरचा एक चढ काहीच वाटत नाही. असे पंधरा झाले की सहा-सातशे मीटरची चढाई होते, आणि पाय भरून आल्यावरच ते कळतं. म्हणून अंतराच्या आधी एकूण चढाईचा आकडा बघा. मुळं-दगडांच्या सिंगलट्रॅकवर (एका सायकलपुरत्या अरुंद वाटेवर) ताशी आठ-दहा किलोमीटरचा वेग धरला तरी पुष्कळ झाला.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. साध्या डोंगरात थकलात तर खाली उतरून रस्ता गाठता येतो. इथे मध्ये पाणी असतं. गाडी समोरच्या काठावर उभी दिसते, हाकेच्या अंतरावर, आणि ट्रेलने ती बारा किलोमीटर लांब असते. अर्धा वळसा ओलांडला की मागे फिरण्यात काही फायदा उरत नाही. त्यामुळे अमुक वाजेपर्यंत तमुक ओढा आला नाही तर परत, हे निघण्याआधीच ठरवून टाका. नकाशा फोनमध्ये ऑफलाइन उतरवून घ्या. दऱ्यांत रेंज नसते, आणि दाट झाडीखाली जीपीएसचा ठिपकाही इकडेतिकडे सरकतो.

पाटीचा रंग आणि परवानगी गृहीत धरणं

ब्रिटनमधल्या ट्रेल सेंटरवर (सायकलसाठी आखलेल्या वाटांच्या केंद्रांवर), वाट किती अवघड हे सांगणारी हिरवा, निळा, लाल, काळा अशी चढती श्रेणी असते. उत्तर अमेरिकेत हिरवा गोल, निळा चौकोन आणि काळा हिरा, मधला लाल नाही. एकीकडचा निळा दुसरीकडच्या निळ्याइतकाच सोपा असेल, याची काहीही खात्री नाही. नव्या जागी पहिली ट्रेल नेहमीपेक्षा एक पायरी सोपी घ्या.

परवानगीचंही तेच. इंग्लंड-वेल्समध्ये 1968 च्या कायद्याने ब्रायडलवेवर (घोडेस्वारांसाठीच्या वाटेवर) सायकल चालवण्याचा हक्क मिळाला, पण फुटपाथ म्हणून नोंद असलेल्या पायवाटेवर तो नाही. नकाशावर दोन्हींच्या रेघा जवळपास सारख्याच दिसतात. अमेरिकेत टाहो तळ्याला वळसा घालणारी टाहो रिम ट्रेल आहे. तिचा पश्चिमेकडचा मोठा तुकडा पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल या लांब पल्ल्याच्या पायी वाटेशी एकच आहे आणि तिथे सायकलला बंदी आहे. म्हणजे सायकलवरून तळ्याला पूर्ण वळसा त्या ट्रेलने घालताच येत नाही. टाहो मेडोजपासून टनेल क्रीकपर्यंतच्या भागात तर सायकली फक्त सम तारखांना चालतात. विषम तारखेला पोहोचलात तर वाद घालू नका, दुसरी ट्रेल शोधा.

टायरमध्ये ठासून हवा भरणं

पंक्चरच्या धास्तीने हवा कडक ठेवायची सवय फार जणांना असते. कोरड्या वाटेवर ती एकवेळ खपून जाते. ओल्या मुळांवर मात्र कडक टायर टेकायला तयारच नसतो, उसळतो आणि सटकतो. सत्तर-पंच्याहत्तर किलो वजन, 29 इंची चाकं, 2.4 इंच रुंदीचे ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेले) टायर असतील तर पुढे 20-22 आणि मागे 23-25 पीएसआयपासून (हवेच्या दाबाचं एकक) सुरुवात करा. रिम दगडावर आपटल्याचा आवाज यायला लागला तर एकेक पीएसआय वाढवा. अंगठ्याने दाबून बघण्यावर भिस्त ठेवू नका, हवा मोजायचा छोटा गेज खिशात असू द्या. घरात हवा भरून थंड सकाळी बाहेर पडलात, तर दहा अंशांच्या फरकाला एक-सव्वा पीएसआय आपोआप उतरतं, हेही हिशेबात धरा.

ट्यूबलेस आहे म्हणून निर्धास्त राहणारेही पुष्कळ. आतलं सीलंट, म्हणजे भोक बुजवणारा द्रव, दोन ते सहा महिन्यांत सुकतं. टायर कानाशी धरून हलवा. आत द्रव डचमळल्याचा आवाज आला नाही तर सीलंट संपलंय.

मुळांवर ब्रेक आणि हँडल दोन्ही वापरणं

सगळ्यात जास्त पडापडी इथेच होते, म्हणून इथे जरा थांबू. स्प्रूससारख्या झाडांची मुळं खोल जात नाहीत, मातीच्या वरच्या थरातच आडवी पसरतात. काठावर खडकावरची मातीही पातळ असते. पायांनी-चाकांनी ती झिजली की मुळं उघडी पडतात आणि त्यांची साल निघून जाते. सालीचं मूळ ओलं असलं तरी थोडीफार पकड देतं. साल गेलेलं, गुळगुळीत, पिवळसर मूळ मात्र शेवाळलेल्या फरशीसारखं. त्यातही वाटेला तिरपं गेलेलं असेल तर पुढचं चाक त्याच्या कडेकडेने घसरत जातं आणि हँडल हातातून सुटतं.

उपाय सोपा आहे, पण मनाविरुद्ध आहे. वेग मुळांच्या आधी कमी करा, मुळांवर नाही. चाक शक्य तितकं काटकोनात आणा. मग ब्रेक सोडा, पेडल थांबवा, हँडल सरळ ठेवा आणि गुडघे-कोपर सैल सोडून सायकलला खालून जाऊ द्या. मागचं चाक थोडं सरकेल. सरकू द्या. घाबरून पुढचा ब्रेक दाबला की खेळ संपला. ओल्या लाकडी पुलांनाही हाच नियम: सरळ शिरा, सरळ निघा, मध्ये ना वळण ना ब्रेक.

एवढं करूनही मुळांच्या ओळीवर फोर्क (पुढच्या चाकाचं सस्पेन्शन) दर धक्क्याला आखडत गेला आणि शेवटी दगडासारखा कडक झाला, तर दोष तंत्राचा नाही, रिबाउंडचा, म्हणजे दबलेला फोर्क परत उलगडण्याच्या वेगाचा आहे. तो फार संथ लावल्यामुळे फोर्कला पुढच्या धक्क्याआधी उलगडायला वेळच मिळत नाही. एक-दोन क्लिक वेगवान करा आणि त्याच ओळीवरून पुन्हा जाऊन बघा. सॅग (नुसत्या वजनाने सस्पेन्शन किती दबतं ते) मोजताना पाण्याने भरलेली बॅग पाठीवर असू द्या, कारण चालवताना ती असणारच आहे.

आणि काळा गॉगल घरी ठेवा. काठावरच्या लख्ख उन्हातून झाडीत शिरल्यावर पहिले काही क्षण काहीच दिसत नाही, आणि वळणावरचं मूळ नेमकं तिथेच असतं. पारदर्शक किंवा फिक्या काचा बऱ्या.

ब्रेक ओरडला की स्प्रे मारणं

ओला झाल्यावर डिस्क ब्रेक किंचाळतो. चार-सहा वेळा दाबून पाणी उडालं की गप्प बसतो, काही करायची गरज नाही. डिस्कवर तेल किंवा कसलाही वंगणाचा स्प्रे मात्र कधीच नको. आवाज थांबतो आणि त्याबरोबर ब्रेकही. सुक्यातही आवाज येतोय आणि पकड कमी झालीय, अशी दोन्ही लक्षणं असतील तर पॅडवर तेल गेलंय. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पॅड बदला. नवे पॅड घातल्यावर वीसेक वेळा वेग घेऊन, पूर्ण न थांबता जोरात मंदावा, तेव्हा कुठे ते बसतात.

चिखल-वाळूच्या पाण्यात ऑरगॅनिक (राळेचे, मऊ) पॅड भराभर झिजतात. पावसाळी हवेत लांब राइड असेल तर मेटॅलिक (धातूच्या भुकटीचे) घाला. सायकल गाडीत टाकताना चाक काढलं आणि चुकून लिव्हर दाबला गेला तर पॅड एकमेकांना चिकटतात आणि डिस्क आत जाईना होते. लिव्हरशी झटापट करू नका, पॅडमध्ये सपाट प्लास्टिकची पट्टी घालून हलकेच फाकवा.

डबक्याच्या कडेने जाणं

चिखल टाळायला कडेने गेलात की ट्रेल वीतभर रुंद होते. मागचा त्याच्याही बाहेरून जातो. वर्षभरात सिंगलट्रॅकचा गाडीरस्ता होतो. डबकं मधूनच पार करा. चाकाची खोल चरी उमटत असेल किंवा माती टायरला थापून चाक फिरेना होत असेल, तर ट्रेल त्या दिवशी सायकलसाठी नाही, माघारी फिरा. ओढा गुडघ्याच्या जवळ असेल तर उतरा आणि सायकल उचलून न्या. बॉटम ब्रॅकेट (पेडलच्या आसाचा भाग) नि हबच्या बेअरिंगमध्ये पाणी गेलं की खर्च वाढतो.

गिअर बिघडला की केबल पिळत बसणं

सायकल उजव्या अंगावर पडली आणि मग गिअर उड्या मारू लागले, तर केबलला हात लावण्याआधी मागून बघा. डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) चाकाकडे झुकलेला दिसला तर हँगर, म्हणजे तो फ्रेमला जोडणारा तुकडा, वाकलाय. अशा वेळी सर्वांत मोठ्या दातेरी चक्रावर चेन नेलीत तर डिरेलर आऱ्यांत अडकतो, आणि मग उरलेला तळ्याचा वळसा सायकल ढकलत. आपल्या फ्रेमला बसणारा एक जादा हँगर आणि एक क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी) बॅगेत ठेवा, वजन नगण्य आहे.

राइड संपल्यावर

प्रेशर वॉशरचा फवारा बेअरिंगवर आणि सस्पेन्शनच्या सीलवर धरू नका, बादली आणि ब्रश पुरे. चेन पुसून कोरडी करा, मगच तेल. आणि सायकलच्या आधी स्वतःला तपासा: उत्तरेकडच्या अशा जंगलांत गोचिड्या असतात, त्यातल्या काही लाइम आजार पसरवतात. गुडघ्यामागे, जांघेत, कानामागे, केसांत बघा. चिकटलेली दिसली तर टोकदार चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. तेल लावणं, काडीने चटका देणं असले प्रकार नकोत. पुढच्या काही आठवड्यांत तिथे लालसर चट्टा पसरत गेला किंवा ताप आला, तर डॉक्टरांना गोचिडीचं आणि कुठे फिरलात त्याचं आवर्जून सांगा.