जुन्या पद्मिनीच्या बॉनेटखाली आपोआप आग विझवणारी यंत्रणा कशी बसवावी

गेल्या उन्हाळ्यात आमच्या 1978 च्या प्रीमियर पद्मिनीचं बॉनेट उघडलं आणि पेट्रोल पंपाकडून कार्ब्युरेटरकडे, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाकडे, जाणारा रबरी पाइप सहज चिमटीत धरला. दिसायला ठणठणीत, पण बोटांना काळं लागलं. पाइप आवळणाऱ्या जुबली क्लिपपाशी पेट्रोलचा एक थेंब लोंबत होता. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या या गाड्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी बनलेल्याच नव्हत्या. आताच्या ई-20, म्हणजे 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे जुनं रबर फुगतं, मऊ पडतं.

म्हणून पहिलं काम पाइप बदलण्याचं. यंत्रणेची खरेदी त्यानंतर. इथेनॉलला टिकणारे पाइप आणि नव्या क्लिपा लावा, कार्ब्युरेटर गळत नाही ना ते पाहा, कडक होऊन तडकलेल्या वायरी काढून टाका. एअर फिल्टर काढून गाडी चालू करायची सवय असेल तर ती सोडा. इंजिननं उलटा फटका दिला की ज्वाळा कार्ब्युरेटरच्या तोंडातून बाहेर येते. बॅटरीला हातानं बंद करता येणारा कट-ऑफ स्विच बसवा आणि गाडी उभी केली की तो बंद करा. उभ्या गाडीत वायर जळून लागणारी आग त्यानं बरीचशी टळते.

आता यंत्रणा. क्लासिक गाडीला मला सर्वांत योग्य वाटते ती उष्णता ओळखणाऱ्या नळीची. जेमतेम 6 मिलिमीटर जाडीची, दाबाखाली भरलेली ही प्लास्टिकची नळी सिलिंडरला जोडलेली असते. ज्वाळा लागली की नळी सर्वांत तापलेल्या जागी फुटते आणि विझवणारा वायू त्याच भोकातून थेट आगीवर सुटतो. वीज लागत नाही, सेन्सर लागत नाही.

सिलिंडरमध्ये काय भरलंय ते आवर्जून विचारा. एबीसी पावडर, म्हणजे आग विझवायची नेहमीची कोरडी भुकटी, स्वस्त आहे आणि आगही झटक्यात मारते. पण दमट हवेत ती ॲल्युमिनियमचे भाग खाते, आणि मुंबई-कोकणात दमट हवेची वानवा नाही. मी क्लीन एजंट, म्हणजे मागे काही न ठेवता उडून जाणारा वायू घेईन. त्याची उणी बाजू अशी की इंजिनची खोली खालून उघडी असल्यानं तो लवकर निघून जातो आणि तापलेलं लोखंड फारसं थंड करत नाही. किती किलोचा सिलिंडर लागेल, हे बॉनेटखालची जागा मोजून विक्रेत्याकडूनच ठरवून घ्या.

नळी कुठून न्यायची, यावर सगळं अवलंबून आहे. कडक उन्हात अर्धा तास गाडी चालवून या आणि इन्फ्रारेड थर्मामीटरनं नळी जाणार त्या जागांचं तापमान मोजा. नळीचं फुटण्याचं तापमान त्याहून बरंच जास्त हवं, नाहीतर ट्रॅफिकमध्ये ती उगीचच फुटेल. उष्णता वर चढते, तेव्हा नळी कार्ब्युरेटर, पेट्रोल पंप आणि बॅटरी यांच्या वरून फिरवा. एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून, म्हणजे इंजिनचा धूर बाहेर नेणाऱ्या तापलेल्या नळ्यांपासून, लांब ठेवा. तीव्र वळण देऊ नका, वीतभर अंतरावर क्लिपा लावा, पत्र्यातून नेताना भोकाच्या कडेला रबरी ग्रोमेट (कडी) घाला. पंख्याचा पट्टा आणि ॲक्सिलरेटरची जोडणी तिला घासत नाही ना, हे इंजिन हलवून पाहा.

सिलिंडर उभा आणि पक्क्या पट्ट्यानं आवळलेला हवा, दाबाचा काटा सहज दिसायला हवा. पत्र्याला नवी भोकं पाडू नका, आहेत त्याच बोल्टवर ब्रॅकेट बसवून घ्या. 50 वर्षं पूर्ण झाल्यावर व्हिंटेज नोंदणी करायची असेल, तर गाडी मूळ स्वरूपात असावी लागते.

यापुढची पायरी बरेच जण गाळतात, आणि माझ्या मते तीच सर्वांत मोलाची. पद्मिनीचा पेट्रोल पंप इंजिनच्या जोरावर चालतो. इंजिन फिरतंय तोवर फुटक्या पाइपातून पेट्रोल येतच राहणार, वायू उडून गेला की पुन्हा भडका. त्यासाठी सिलिंडरला प्रेशर स्विच घ्या आणि दाब कमी होताच इग्निशन कॉइलचा, म्हणजे ठिणगीसाठी लागणारा, वीजपुरवठा तुटेल अशी रिलेची (विजेवर चालणाऱ्या स्विचची) जोडणी ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. डॅशबोर्डवर दिवा आणि बझरही हवाच. इंजिन अचानक का बंद पडलं, हे चालवणाऱ्याला त्याच क्षणी कळलं पाहिजे.

सगळं बसलं की प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे पाहा. काटा आठवडाभर हिरव्या पट्ट्यात राहिला तर काम नीट झालं. पुढे महिन्यातून एकदा काटा बघा, वर्षातून एकदा सिलिंडरचं वजन करा.

आणि यंत्रणा सुटलीच, तर गाडी कडेला घ्या, किल्ली बंद करा, सगळ्यांना लांब न्या, 101 किंवा 112 ला फोन करा. बॉनेट उघडू नका. आतला वायू निसटतो, ताजी हवा शिरते आणि विझत आलेली आग तोंडावर येते.