बर्लिनला शिकायला जाताय? आधी पत्ता, मग बाकी सगळं

निघायच्या आधी महिनाभर आपल्याकडची मुलं कुकर, मसाले आणि थर्मलच्या याद्या करत बसतात. मीही केल्या होत्या. बर्लिनला पोचल्यावर कळलं की इथे अडतं ते कागदावाचून. घरमालकाचा कागद नाही तर पत्त्याची नोंदणी नाही, नोंदणी नाही तर टॅक्स नंबर नाही, काही बँकांत खातंही नाही. आणि खातं नाही तोवर व्हिसासाठी ‘श्पेर्रकोंटो’त, म्हणजे दर महिन्याला ठरावीक रक्कमच सोडणाऱ्या बंद खात्यात, भरलेले तुमचेच पैसे तुम्हाला हात लावता येत नाहीत. म्हणून कामांचा क्रम चुकवू नका.

१. नाव एकसारखं करा

हे काम घरूनच करायचं. आपल्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर वेगळा क्रम. जर्मनीत कुठलाही अर्ज भरताना पासपोर्टमध्ये जसं आहे अगदी तसंच लिहायचं, वडिलांच्या नावासकट. विमा कंपनीकडे एक आणि विद्यापीठाकडे दुसरं नाव गेलं की दोन्हीकडे ईमेल लिहीत बसावं लागतं.

२. घर शोधा, पण नोंदणी होणारं

बहुतेक विद्यार्थी ‘वे-गे’त राहतात. म्हणजे फ्लॅट एकत्र, खोली ज्याची त्याची. विद्यार्थी वसतिगृहं श्टुडिरेंडनवेर्क चालवतं. तिथे प्रतीक्षायादी लांब असते, म्हणून प्रवेश पक्का झाला त्याच दिवशी नाव टाका. बाकीच्या खोल्या वेगे-गेझूख्टसारख्या संकेतस्थळांवर मिळतात. तिथे संदेश पाठवताना दोन ओळी जर्मनमध्ये लिहा आणि तुम्ही कोण, काय शिकता, स्वयंपाक करता का हे सांगा. ‘इज द रूम अव्हेलेबल?’ एवढंच लिहिणाऱ्याला कुणी उत्तर देत नाही.

जाहिरात वाचताना तीन गोष्टी बघा. भाडं ‘काल्ट’ आहे की ‘वार्म’? काल्ट म्हणजे नुसतं भाडं. वार्ममध्ये साधारणपणे हीटिंग आणि इमारतीचा इतर खर्च धरलेला असतो, तरी वीज वेगळी आहे का ते विचाराच. ‘२ त्सिमर’ म्हणजे टू बीएचके नव्हे. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर सोडून दोन खोल्या, म्हणजे आपला वन बीएचके. आणि तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं: ‘आनमेल्डुंग’, म्हणजे पत्त्याची नोंदणी, करता येईल का? खोली कितीही छान आणि स्वस्त असो, नोंदणी होणार नसेल तर पहिल्या सहा महिन्यांत ती तुमच्या कामाची नाही. मी तर म्हणेन, शहराच्या टोकाला, वॉलपेपर सोललेली खोली मिळाली तरी घ्या, फक्त नोंदणी झाली पाहिजे. चांगलं घर पुढच्या वर्षी.

डिपॉझिट कायद्याने तीन महिन्यांच्या काल्ट भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. ‘मी सध्या परदेशात आहे, पैसे पाठवा, किल्ली कुरिअरने येईल’ असं सांगणारा माणूस चोर आहे, हे गृहीत धरा.

३. पत्रपेटीवर नाव चिकटवा

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बर्लिनच्या इमारतींत बहुतेक ठिकाणी फ्लॅटला नंबर नसतो. पोस्टमन नाव वाचून पत्र टाकतो. मी वेडिंग भागात एका वे-गेत राहायला गेले, बँकेचं कार्ड मागवलं. कार्ड एका पाकिटात आणि पिन दुसऱ्या पाकिटात, वेगवेगळ्या दिवशी येतो. माझ्या बाबतीत दोन्ही आली नाहीत. तीन आठवडे मी रोज खाली जाऊन रिकामी पेटी उघडून बघत होते. शेवटी घरातल्या मुलीने विचारलं, ‘पण तुझं नाव कुठंय पेटीवर?’ पेटीवर तिघांची आडनावं होती, माझं नव्हतं. पत्रं येऊन परत गेली होती. त्याच संध्याकाळी कागदाच्या पट्टीवर आडनाव लिहून सेलोटेपने लावलं, एक पट्टी खाली दाराच्या घंटीजवळही. तेव्हा सामान उघडायच्या आधी हे करा. पट्टी पाच सेंटिमीटरची, पण टॅक्स नंबर, विमा कार्ड, बँक सगळं तिच्यावर अवलंबून असतं.

४. आनमेल्डुंग

राहायला गेल्यापासून १४ दिवसांत नोंदणी करायची, असा नियम आहे. ती ब्युर्गरआम्टमध्ये, म्हणजे नागरी कार्यालयात होते. बर्लिनमध्ये अडचण अशी की तारीखच मिळत नाही. शहराच्या संकेतस्थळावर सकाळी लवकर बघा, दिवसभरात रद्द झालेल्या वेळाही उगवतात. बारा प्रभागांपैकी कुठल्याही कार्यालयात गेलं तरी चालतं. शहराच्या पश्चिम टोकाला, श्पांडाऊला मिळाली तर श्पांडाऊला जा. तारीख १४ दिवसांनंतरची असेल तर आरक्षणाचा ईमेल जपून ठेवा.

सोबत पासपोर्ट, भरलेला अर्ज आणि ‘वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग’. शब्द एका दमात म्हणता आला नाही तरी हरकत नाही. घर देणाऱ्याने ‘हा माणूस अमुक तारखेपासून इथे राहतो’ असं सही करून दिलेला हा एक पानी कागद. भाडेकरार दाखवून भागत नाही.

अर्जावर धर्माचा रकाना असतो. वसई-गोव्याकडच्या कॅथलिक मुलांनी तिथे जरा थांबावं. तिथे कॅथलिक लिहिलं की पुढे आयकर लागू झाल्यावर त्या कराच्या ९ टक्के चर्च-कर वेगळा जातो. काय लिहायचं हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण माहीत असून लिहा.

नोंदणीनंतर काही आठवड्यांत टॅक्स नंबर पोस्टाने येतो. त्याच्या आगेमागे रेडिओ-टीव्ही शुल्काचं पत्रही येतं, महिना १८.३६ युरो. ते खरंच भरावं लागतं, पण माणशी नाही, घरटी. वे-गेत एकच जण भरतो, बाकीचे वाटून देतात. तेव्हा घाबरून लगेच भरू नका, आधी घरच्यांना विचारा.

५. विमा, व्हिसा, पैसे

तिशीच्या आतल्यांना सरकारी आरोग्य विम्याचा विद्यार्थी दर मिळतो. स्वस्त दिसतो म्हणून खासगी घेऊ नका, नंतर शिक्षण चालू असेपर्यंत सरकारीत परतणं जवळपास अशक्य. विमा कंपनी विद्यापीठाला परस्पर इलेक्ट्रॉनिक निरोप पाठवते, तो गेल्याशिवाय प्रवेश पुरा होत नाही.

निवास परवान्यासाठी लांडेसआम्ट फ्युर आइनवांडेरुंगकडे, म्हणजे बर्लिनच्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयाकडे, व्हिसा संपायच्या आत अर्ज करायचा. उत्तराला महिने लागू शकतात. अर्जाची पोच छापून ठेवा.

श्पेर्रकोंटोचा आकडा सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे हातात महिन्याला ९९२. त्यातून भाडं आणि विमा गेल्यावर काय उरतं ते आधीच मांडून बघा. नोकरी वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस करता येते, पण पहिल्या महिन्यापासून ती मिळेल असं धरून चालू नका.

६. फिरणं

तिकिटाच्या हिशोबाने शहर ‘ए’ आणि ‘बी’ झोनमध्ये, विमानतळ बाहेरच्या ‘सी’ झोनमध्ये आहे. नुसतं ‘एबी’चं तिकीट काढून शहरात निघालात तर पहिल्याच दिवशी ६० युरो दंड. स्टेशनात फाटक नाही म्हणून तिकीट तपासत नाहीत असं समजू नका. साध्या कपड्यातला माणूस डब्यात दार बंद झाल्यावर ओळखपत्र काढतो. पुढे बहुतेक विद्यापीठांच्या सत्र शुल्कातच पास येतो आणि तो देशभरच्या लोकल व प्रादेशिक गाड्यांत चालतो, आयसीईत, म्हणजे लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्यांत, नाही. शहर समजून घ्यायचं तर एका दुपारी एस-४१ या लोकलमध्ये बसा. ती ३७ किलोमीटरचं वर्तुळ तासाभरात पूर्ण करून तुम्हाला परत तिथेच आणून सोडते.

७. घरात आणि स्वयंपाकघरात

रविवारी दुकानं बंद. अगदी सगळी नाही: मुख्य स्टेशनातली चालू असतात, कोपऱ्यावरची ‘श्पेटी’ही, म्हणजे रात्री उशिरापर्यंत उघडी असणारी छोटी दुकानं. पण दूध-भाजी शनिवारीच आणायची सवय लावा. क्रोसिनसारखी साधी गोळीही सुपरमार्केटात मिळत नाही, फक्त ‘आपोथेके’त, म्हणजे औषधांच्या दुकानात. रिकाम्या बाटल्या फेकू नका. एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीवर आणि पेयाच्या कॅनवर २५ सेंट अनामत असते, दुकानातल्या यंत्रात घातली की परत मिळते.

कोथिंबीर, भेंडी, छोटी वांगी हवी असतील तर मंगळवारी किंवा शुक्रवारी मायबाखउफरच्या बाजारात जा. संध्याकाळी उठायच्या वेळेला भाव पडतात, तेव्हा तुर्की भाजीवाले ओरडायला लागतात आणि दोन मिनिटं मंडईत आल्यासारखं वाटतं.

रात्री १० ते सकाळी ६ आणि रविवारी दिवसभर शांतता पाळायची. म्हणजे रविवारी चटणीसाठी मिक्सर नाही. कुकरच्या शिट्टीबद्दल घरातल्यांना आधी सांगून ठेवा. माझ्या घरातला मुलगा पहिल्या शिट्टीला खोलीतून पळत बाहेर आला होता. फोडणी देताना खिडकी उघडा, मोहरी तडतडायच्या आत.

८. ऑक्टोबर संपताना

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात. डिसेंबरात दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो. उजेड असताना रोज अर्धा तास बाहेर पडा, लेक्चर बुडवून नाही, पण जेवणाची सुट्टी घराबाहेर काढा. भारताशी अंतर साडेतीन तासांचं साडेचार होतं. इथे संध्याकाळी सहाला फोन करत असाल तर घरी साडेनऊऐवजी साडेदहा वाजलेले असतात. आईला आठवडाभर आधी सांगून ठेवा, नाहीतर ती साडेनऊपासून फोन समोर ठेवून जागी बसते आणि उशीर का झाला हे विचारतही नाही.