फ्रान्सच्या शाळेत सात महिने : अमेरिकेतून इंग्रजी शिकवायला जाणाऱ्यांसाठी

फ्रान्सच्या सरकारी शाळांमध्ये मुलांकडून इंग्रजी बोलण्याचा सराव करून घेण्यासाठी दरवर्षी अमेरिकेतून तरुण साहाय्यक जातात. करार १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल असा सात महिन्यांचा, काम आठवड्याला बारा तासांचे, वयाची अट २० ते ३५ वर्षांची, आणि हातात पडणारा पगार महिन्याला साधारण ८०० युरो. मी न्यू जर्सीतील मराठी घरात वाढले, आणि पदवी मिळाल्यावर याच कामासाठी उत्तर फ्रान्समधील एका लहान गावात राहिले. तिथे पहिल्या पंधरवड्यातच एक गोष्ट कळली आणि ती शेवटपर्यंत खरी ठरली : कोणी आपल्या मागे लागत नाही, आपल्यालाच लोकांच्या मागे लागावे लागते. विचारले तर शिक्षकखोलीतील प्रत्येक माणूस वेळ काढून मदत करतो. विचारले नाही, तर तुमचे सगळे ठीक चालले आहे असे तो मनापासून समजतो.

म्हणून विचारण्याची सुरुवात घरूनच करावी. निवड झाल्याचे कळते तेव्हा फक्त आकादेमीचे, म्हणजे शिक्षणखात्याच्या विभागाचे नाव समजते, आणि बहुतेक विभागांत अनेक जिल्हे येतात. गावाचे आणि शाळेचे नाव असलेले नियुक्तिपत्र नंतर येते. ते हाती पडले की त्याच दिवशी शाळेला पत्र लिहून तुमच्याशी संपर्क ठेवणारे शिक्षक कोण, मागच्या वर्षीचा साहाय्यक कुठे राहत होता, आणि शाळेच्या आवारात रिकामी खोली आहे का, हे तीन प्रश्न विचारावेत. काही लिसेंमध्ये, म्हणजे तेथील उच्च माध्यमिक शाळांमध्ये, साहाय्यकाला अल्प भाड्यात खोली मिळते; मात्र ती मागणाऱ्यालाच मिळते.

घर भाड्याने घ्यायचे असेल तर घरमालक जामीनदार मागतो, आणि अमेरिकेतील आई-वडिलांची हमी बहुधा चालत नाही. तीस वर्षांपर्यंतच्या तरुणांना ‘विझाल’ ही मोफत हमी मिळते, तिचा अर्ज घर पक्के करण्याआधीच ऑनलाइन करून ठेवावा. घरभाड्याच्या सरकारी मदतीसाठी ‘काफ’ या कार्यालयाकडे अर्ज करता येतो. ज्या महिन्यात राहायला गेलात त्या महिन्याची मदत मिळत नाही, त्यामुळे एक दिवसही लांबणीवर टाकू नये.

कागदपत्रांचा क्रम चुकला की सगळेच अडते, याचा मला चांगलाच अनुभव आहे. घराचा पत्ता नसेल तर बँक खाते उघडत नाही, आणि खाते नसेल तर पगार जमा होत नाही. त्यात अमेरिकी नागरिकांची एक वेगळी अडचण अशी, की २०१० च्या अमेरिकी करकायद्यानुसार परदेशी बँकांना त्यांच्या खात्यांची माहिती अमेरिकेला कळवावी लागते, आणि ही जबाबदारी नको म्हणून काही बँका त्यांना खातेच देत नाहीत. एका बँकेने नाही म्हटले तर खचून न जाता दुसऱ्या बँकेची वेळ घ्यावी, आणि ‘या गावात साहाय्यकांची खाती कुठे उघडतात?’ असे शाळेच्या कार्यालयात विचारावे. खाते उघडल्यावर ‘रिब’ नावाचा, खात्याचे सगळे तपशील असलेला कागद मिळतो. त्याच्या पाच-सहा प्रती काढून ठेवाव्यात, कारण शाळा, घरमालक, फोन कंपनी, विमा असे सगळेच तो मागतात.

पहिल्या दिवशी शाळेच्या कार्यालयात रुजू झाल्याच्या कागदावर सही करायला विसरू नये. पगाराची साखळी त्या कागदापासून सुरू होते. माझा तो कागद एका टेबलावर पडून राहिला आणि ऑक्टोबरचा पगार नोव्हेंबरच्या अखेरीस आला. मी पंधरा दिवस संकोचाने गप्प बसले होते, ही त्यातील माझी चूक. अशा वेळी पगाराची आगाऊ रक्कम मागता येते, आणि ती मागण्यात कमीपणा नाही. तरीही दोन महिने निभावेल एवढे पैसे सोबत न्यावेत, असे मी आग्रहाने सांगेन.

व्हिसाची नोंदणी फ्रान्समध्ये पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत ऑनलाइन करावी लागते. आरोग्यविम्याच्या नोंदणीसाठी जन्मदाखला आणि त्याचे मान्यताप्राप्त अनुवादकाने केलेले फ्रेंच भाषांतर लागते. हिरवे विमाकार्ड, म्हणजे ‘कार्त व्हिताल’, हाती यायला पुष्कळ महिने लागू शकतात. तोवर डॉक्टरांनी दिलेला प्रत्येक कागद जपून ठेवावा, कारण तपासणी शुल्काचा सुमारे ७० टक्के भाग नंतर परत मिळतो.

आता वर्गाविषयी. साहाय्यक हा शिक्षक नव्हे. त्याने गुण द्यायचे नसतात आणि व्याकरणही शिकवायचे नसते. शिक्षक अर्धा वर्ग तुमच्याकडे सोपवतात आणि त्या मुलांना बोलते करणे एवढेच काम असते. पण फ्रेंच मुले चुकीचे बोलण्यापेक्षा गप्प राहणे पसंत करतात, त्यामुळे हेच काम सर्वांत अवघड ठरते. माझ्या पहिल्या तासाला पंधरा वर्षांची दहा मुले होती. मी फळ्यावर तारीख लिहिली आणि त्यातील ७ हा आकडा अमेरिकी पद्धतीने, मध्ये आडवी रेघ न देता काढला. दोन मुलींनी तो वहीत १ म्हणून उतरवला, कारण फ्रान्समध्ये १ ला वरून लांब तिरकी रेघ असते आणि ७ ला मध्ये आडवी दांडी असते. शिवाय मी महिना आधी आणि दिवस नंतर लिहिला होता. एका मुलाने हात वर करून, अडखळत का होईना, इंग्रजीत विचारले की तुमच्याकडे सगळे उलटे का लिहितात? मी तयार करून नेलेला पाठ बाजूला ठेवला आणि तो सगळा तास तारखा, आकडे, उंची, तापमान आणि पैसे कोण कसे लिहितो यावर चालला. अकरा फॅरनहाइट म्हणजे किती थंडी हे मुलांनी आपसांत भांडून काढले, आणि ते भांडण त्यांनी इंग्रजीत केले. तेव्हापासून मी वर्गात भाषणाऐवजी वस्तू नेऊ लागले : एक डॉलरची नोट, किराणा दुकानाची पावती, शाळेचे जुने ओळखपत्र, पिवळ्या स्कूलबसचा फोटो. ती पिवळी बस फक्त सिनेमात असते असे अनेकांना वाटत होते.

फ्रेंच पाठ्यपुस्तकांतील इंग्रजी पुष्कळदा ब्रिटिश वळणाचे असते. मराठी घरातील मुलाला येथे अनपेक्षित मदत होते, कारण लिफ्ट, टॉर्च, खोडण्याचे रबर हे शब्द आपण आई-बाबांच्या तोंडून ऐकलेले असतात. ब्रिटिश आणि अमेरिकी असे दोन्ही शब्द फळ्यावर शेजारी-शेजारी लिहावेत, एकाला चूक म्हणू नये. ‘तुम्ही खरेच अमेरिकी आहात का?’ हा प्रश्नही आपल्यासारख्या चेहऱ्याला हमखास विचारला जातो. तो बहुतेक वेळा कुतूहलाने आलेला असतो. रागावण्याऐवजी आजी-आजोबा कुठले, आई-बाबा कुठे शिकले, आपला जन्म कुठला, हे नकाशावर दाखवावे आणि मग मुलांना त्यांच्या आजी-आजोबांविषयी विचारावे. पोर्तुगाल, अल्जीरिया, पोलंड अशी उत्तरे येऊ लागली की वर्ग आपोआप बोलू लागतो.

शाळा धर्मनिरपेक्षतेबाबत काटेकोर असते. साहाय्यक हा सरकारी सेवक मानला जातो, त्यामुळे गळ्यातील गणपतीचे लॉकेट घरी ठेवावे. दिवाळीची माहिती सण म्हणून सांगायला अडचण नसते, तरी आधी शिक्षकांच्या कानावर घालावे.

शिक्षकखोलीत शिरताना ‘बोंजूर’ म्हणावे, मग आत ओळखीचे कोणी असो वा नसो. बेकरीत, बसमध्ये, दवाखान्याच्या प्रतीक्षाकक्षातही हाच नियम. थेट कामाचे बोलणे तिथे उद्धटपणाचे वाटते. ‘व्हू’ आणि ‘त्यू’ यांतील भेद केवळ इंग्रजीत वाढलेल्याला जड जातो, आपल्याला मात्र तुम्ही आणि तू यांमुळे तो आतूनच कळतो. सहकारी शिक्षक लवकरच ‘त्यू’वर येतात, मुख्याध्यापकांना मात्र ‘व्हू’च म्हणावे. दुपारी डबा खात एकटे बसण्यापेक्षा शाळेच्या कांतीनमध्ये जेवावे, कारण खरी ओळख तिथेच होते. शाकाहारी माणसाने आचाऱ्यांशी आधी बोलून घ्यावे. शाळांच्या जेवणात आठवड्यातून एकदा शाकाहारी बेत कायद्याने बंधनकारक आहे, इतर दिवशी भाज्या, चीज आणि पाव यांवर भागते.

बारा तासांच्या कामानंतर उरणारा वेळ सुरुवातीला सुखाचा वाटतो आणि नोव्हेंबरमध्ये, साडेपाचलाच अंधार पडू लागला की, तोच वेळ अंगावर येतो. रविवारी दुकाने बंद, सोमवारी सकाळीही कित्येक बंद, आणि लहान गावात संध्याकाळनंतर बस नाही. म्हणून सप्टेंबरअखेरीस पोहोचताच गावातील एखाद्या गायनवृंदात, क्रीडामंडळात किंवा ग्रंथालयात नाव नोंदवावे. या मंडळांचे वर्ष सप्टेंबरात सुरू होते आणि उशिरा गेल्यास जागा उरत नाही. मी दर बुधवारी बॅडमिंटनला जात असे, आणि माझे फ्रेंच वर्गापेक्षा त्या सभागृहात सुधारले. सात महिन्यांत साधारण दोन-दोन आठवड्यांच्या चार पगारी सुट्ट्या येतात. सत्तावीस वर्षांपर्यंतच्या प्रवाशांसाठी ४९ युरोंचे वार्षिक रेल्वे कार्ड घेतले की तिकिटांत सवलत मिळते.

निघण्याची तयारी मार्चमध्येच सुरू करावी लागते. सामानासह भाड्याने घेतलेले घर सोडण्यासाठी एक महिन्याची पूर्वसूचना पोचपावतीच्या रजिस्टर टपालाने द्यावी लागते. वसंताची सुट्टी एप्रिलमध्ये येते आणि तिच्या तारखा सुट्ट्यांसाठी पाडलेल्या अ, ब, क या भागांनुसार बदलतात, त्यामुळे करार ३० एप्रिलपर्यंत असला तरी तुमचा शेवटचा तास कधीकधी महिन्याच्या मध्यालाच होऊन जातो. ती तारीख शिक्षकांना आधी विचारून घ्या, म्हणजे मुलांचा निरोप घ्यायचा राहणार नाही.